शिवाजी पेठेतून पाचगावला: आमच्या घराच्या मतदार नोंदणीचा अनुभव

एप्रिल २०२३ मध्ये अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर आम्ही कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतील वडिलोपार्जित घर सोडून पाचगावला राहायला आलो. दुचाकीवरून जेमतेम वीस मिनिटांचे हे अंतर आहे. भाजीला कपिलतीर्थ मार्केट, देवदर्शनाला अंबाबाईचे मंदिर, फिरायला रंकाळा हा आमचा परिपाठही बदलला नाही. त्यामुळे आपण केवळ घर बदलले आहे, गाव नव्हे, असेच आम्हा सर्वांना वाटत होते. मतदार म्हणून मात्र आमचे बरेच काही बदलले होते. लोकसभेचा मतदारसंघ तोच, म्हणजे क्रमांक ४७ कोल्हापूर. विधानसभेसाठी आम्ही २७६ कोल्हापूर उत्तरमधून २७४ कोल्हापूर दक्षिणमध्ये आलो होतो. महापालिकेची हद्द ओलांडल्यामुळे नगरसेवकाऐवजी ग्रामपंचायत सदस्य, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्यासाठी मत देण्याचा अधिकार आम्हाला मिळणार होता. हद्दवाढीच्या वादाबद्दल वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत वाचत आलो होतो. त्या रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे राहण्यात नागरिक म्हणून काय फरक पडतो, हे यादीत नाव हलवायला घेतल्यावर समजले.

घरात तेव्हा चार मतदारांचा प्रश्न होता. मी आणि माझे पती, दोघांची नावे शिवाजी पेठेच्या यादीत होती. सासरे, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, त्यांनी पंचाऐंशी वर्षे पूर्ण केली होती. मुलगी फेब्रुवारी २०२४ मध्ये अठरा वर्षांची होणार होती. याखेरीज सासूबाई फेब्रुवारी २०२३ मध्ये गेल्या होत्या आणि त्यांचे नाव जुन्या यादीत तसेच होते. एका घरात नवीन नोंदणी, स्थलांतर आणि नाव वगळणे अशी तिन्ही कामे एकदम आली. तीन वेगवेगळे नमुने, त्यांचा क्रम, कागदपत्रे आणि मुदती यांचा ताळमेळ घालताना आम्ही पुष्कळ गोंधळलो. अशाच वळणावर असलेल्या कोणाला उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

२७ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रारूप मतदार यादी प्रसिद्ध झाली आणि ९ डिसेंबरपर्यंत दावे व हरकती स्वीकारल्या जाणार असल्याचे जाहीर झाले. नोंदणी वर्षभर चालू असते. तरीही या पुनरीक्षणाच्या, म्हणजे यादी तपासून दुरुस्त करण्याच्या काळात केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे ज्यांना सगळे बीएलओ म्हणतात ते, शनिवार-रविवारच्या विशेष मोहिमेत मतदान केंद्रावर बसतात आणि शंका विचारायला समोर माणूस मिळतो. आमच्या भागाच्या बीएलओ अंगणवाडी सेविका होत्या. आपले रोजचे काम सांभाळून त्या हे करत होत्या. प्रत्येकाचा कागद शांतपणे पाहून काय कमी आहे ते त्या सांगत असत. पुढच्या सहा महिन्यांत त्यांची फार मदत झाली.

नमुने कोणते, ते थोडक्यात सांगते. पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्याने नमुना ६ भरायचा. कोणाचे नाव वगळायचे असेल किंवा एखाद्या नावावर हरकत असेल तर नमुना ७. पत्ता बदलणे, नोंदीत दुरुस्ती करणे, हरवलेल्या ओळखपत्राऐवजी नवे मागणे किंवा दिव्यांग असल्याची नोंद करणे, या सर्वांसाठी नमुना ८. पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात गेलेल्या माणसालाही नमुना ६ भरावा लागत असे, पण २०२२ च्या बदलांनंतर स्थलांतरासाठी नमुना ८ हाच आहे. ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो आणि नव्या ठिकाणी अर्ज मंजूर झाला की जुन्या ठिकाणची नोंद निघते. नोंदणीला कसलेही शुल्क नाही. आमच्या रस्त्यावरच्या अर्ज भरून देणाऱ्या एका केंद्रात प्रत्येक अर्जाचे दीडशे रुपये सांगितले गेले, पण तेच काम निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावर मोबाइल क्रमांक आणि ओटीपी वापरून घरी बसून होते. आमचा सर्व खर्च फोटोंचे ऐंशी रुपये आणि झेरॉक्सचे किरकोळ पैसे एवढाच झाला.

सर्वांत आधी सासूबाईंचा अर्ज भरला. नमुना ७ मध्ये त्यांचे नाव, यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि कारणाच्या जागी ‘मृत्यू’ हा शब्द लिहिताना यजमानांचा हात बराच वेळ थांबला होता. रेशन कार्ड, बँक, गॅस अशा सगळ्या ठिकाणी आईचे नाव काढून झाले होते. तरीही या कागदाने घरात पुन्हा शांतता पसरली. आबा म्हणाले, “तिनं एकदाबी मतदान चुकवलं नव्हतं. नाव तसंच राहिलं आणि उद्या भलत्यानंच तिच्या नावावर शिक्का मारला, तर ते तिला आवडलं असतं का?” त्यांच्या या बोलण्याने काम सोपे झाले. मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून अर्ज दिला.

येथे क्रमाची एक महत्त्वाची गोष्ट आहे आणि ती आम्हाला बीएलओ ताईंनी वेळेवर सांगितली. नमुना ७ ज्या यादीसंबंधी द्यायचा, त्या यादीत अर्जदाराचे स्वतःचे नाव असावे लागते. सासूबाईंची नोंद कोल्हापूर उत्तरमध्ये होती. आम्ही सगळ्यांनीच आधी स्थलांतराचे अर्ज देऊन दक्षिणेत नावे नेली असती, तर उत्तरेत तो अर्ज देणारे घरचे कोणी उरले नसते. म्हणून माझा आणि आबांचा नमुना ८ आणि मुलीचा नमुना ६ नोव्हेंबरमध्ये दिला. यजमानांनी आपले नाव जुन्या यादीत ठेवले, आईचे नाव वगळल्याचे संकेतस्थळावर दिसेपर्यंत वाट पाहिली आणि मग जानेवारीत स्वतःचा नमुना ८ भरला. घरातील कोणाचे निधन झालेले असेल आणि घरही बदललेले असेल, तर हा क्रम अवश्य लक्षात ठेवावा.

पत्त्याच्या पुराव्याचा प्रश्न मात्र अडला. वीज, पाणी किंवा गॅसचे बिल चालते, पण ते त्या पत्त्यावर किमान एक वर्षाचे असावे असे नमुन्यातच लिहिलेले आहे, आणि आम्हाला येऊन जेमतेम सात महिने झाले होते. आधारवरचा पत्ता अजून शिवाजी पेठेचाच होता. शेवटी नोंदणीकृत खरेदीखत कामी आले. त्याची पहिली पाने आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी कार्यालयातून मिळणारा त्या व्यवहाराचा उतारा, एकत्र स्कॅन करून जोडली. मोठी फाइल संकेतस्थळ घेत नाही, म्हणून आधीच लहान आकारात स्कॅन करून घ्यावी. भाड्याने राहणाऱ्यांसाठी नोंदणीकृत भाडेकरार चालतो. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा आणि अलीकडचा असावा. अर्ज सादर झाला की एक संदर्भ क्रमांक मिळतो. तो आम्ही घरातल्या दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर प्रत्येकाच्या नावापुढे लिहून ठेवला. आबांचा अर्ज त्यांच्या आग्रहामुळे कागदावर भरून बीएलओ ताईंकडे दिला आणि खालची पोचपावती फाडून घेतली.

याच सुमारास नात्यातल्या काहींनी एक सल्ला दिला. त्याबद्दल स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. “शहरातलं नाव काढू नका, महापालिकेच्या निवडणुकीला उपयोगी पडेल, पाचगावला वेगळं घाला,” असे त्यांचे म्हणणे होते. बोलणारी माणसे वाईट नव्हती. शहराशी नाते तुटू नये असेच त्यांना वाटत होते. परंतु १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १७ आणि १८ नुसार एका व्यक्तीचे नाव दोन मतदारसंघांत किंवा एकाच यादीत दोनदा असू शकत नाही. अर्जात जाणूनबुजून खोटे निवेदन केल्यास कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिक्षेचा भाग बाजूला ठेवला, तरी मला हे मुळातच पटत नाही. ज्या नळाचे पाणी आपण पीत नाही, ज्या रस्त्यावरून आपली मुले शाळेत जात नाहीत, तिथला कारभारी निवडण्यात आपला वाटा का असावा? तिथे घर असणे एवढ्यानेही मतदार होता येत नाही. कायदा पाहतो तो माणूस सर्वसाधारणपणे कोठे राहतो हे, आणि केवळ मालकीचे घर असल्याने कोणी तिथला रहिवासी ठरत नाही, असे कलम २० मध्ये स्पष्ट आहे.

हेच कलम थोड्याच दिवसांत आमच्या उपयोगी आले. डिसेंबरमध्ये माझा अर्ज मंजूर झाला, पण आबांचा नामंजूर झाला. शेरा होता की अर्जदार पत्त्यावर आढळले नाहीत. पडताळणीसाठी माणूस आला तेव्हा आबा गडहिंग्लजला नणंदेकडे गेले होते. घरी असलेल्या शेजारच्या मुलाने “आजोबा इथं नाहीत” एवढेच सांगितले होते. आबांना याचे फार वाईट वाटले. “साठ वर्षं मतदान केलं, आणि आता मी कुठंच राहत नाही म्हणं,” असे म्हणून ते दोन दिवस कोणाशी नीट बोलले नाहीत. वयस्कर माणसाच्या मनाला असा शेरा किती लागतो, हे अर्ज तपासणाऱ्याला कागदावरून कळत नाही.

नामंजुरीविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे पंधरा दिवसांत अपील करता येते आणि त्यांच्या निर्णयाविरुद्ध तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे अपील करता येते. आम्ही १९५० या मदत क्रमांकावर फोन करून विचारले, तेव्हा पुन्हा अर्ज करणे अधिक लवकर होईल असे समजले. त्यानुसार नवा नमुना ८ भरला आणि सोबत साध्या कागदावर आबांच्या सहीने एक निवेदन जोडले. त्यात लिहिले होते की ते पाचगावलाच कायम राहतात, मुलीकडे काही आठवड्यांसाठी गेले होते, आणि कलम २० च्या तरतुदीनुसार तात्पुरत्या अनुपस्थितीमुळे सर्वसाधारण निवास संपत नाही. पडताळणीच्या दिवशी आबा सकाळपासून टोपी घालून ओसरीत बसले होते. फेब्रुवारीत अर्ज मंजूर झाला. घरात वयस्कर माणूस असेल तर अर्ज दिल्यानंतरच्या काही आठवड्यांत त्यांचे बाहेरगावी जाणे शक्यतो टाळावे, आणि जायचेच असेल तर बीएलओंना तसे आधी कळवावे.

मुलीच्या अर्जाची कथा वेगळी होती. पूर्वी केवळ १ जानेवारी हा अर्हता दिनांक, म्हणजे ज्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात तो दिवस, असल्यामुळे फेब्रुवारीत अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्याला जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. १ ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार अर्हता दिनांक झाले आहेत आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज देता येतो. तिने जन्मदाखला जोडून आणि नातेवाइकाच्या रकान्यात माझ्या ओळखपत्राचा क्रमांक लिहून नोव्हेंबरमध्येच अर्ज दिला होता, पण निर्णय १ एप्रिलनंतर होणार होता. १६ मार्च २०२४ रोजी लोकसभा निवडणूक जाहीर झाली. कोल्हापूरचे मतदान तिसऱ्या टप्प्यात, ७ मे रोजी, आणि उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख १९ एप्रिल असल्याचे कळले. उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत काहीही बदल होत नाही, आणि हरकतींसाठीचे दिवस धरून त्याच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत आलेलेच अर्ज त्या निवडणुकीसाठी विचारात घेतले जातात. तिचा अर्ज वेळेत होता, तरीही एप्रिलच्या पहिल्या दोन आठवड्यांत ती रोज रात्री संकेतस्थळावर आपले नाव शोधत असे आणि काही दिसले नाही की उशिरापर्यंत जागी राहत असे. माझ्या वयाच्या लोकांना नव्या पिढीच्या उदासीनतेबद्दल बोलायला आवडते. मला तरी त्या दिवसांत घरात तसे काही दिसले नाही.

वाट पाहण्याच्या त्या काळात जेवणाच्या ताटावर तिचे प्रश्न सुरू असत. आपण पंतप्रधान निवडतो की खासदार? मुख्यमंत्र्यांचे नाव मतपत्रिकेवर का नसते? मला शाळेत शिकलेले नागरिकशास्त्र पुन्हा नीट मांडावे लागले. लोकसभेच्या ५४३ जागांपैकी आपण एकच निवडतो. ज्याच्या पाठीशी २७२ किंवा त्याहून अधिक सदस्य आहेत, तो सरकार स्थापन करतो. विधानसभेत २८८ जागा असल्याने तिथे हाच आकडा १४५ होतो. आबा त्यात आपली भर घालत. १९५२ साली ते चौदा वर्षांचे होते. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची आणि पेटीवर त्याचे चिन्ह असायचे, मतदाराने फक्त कागद आपल्या उमेदवाराच्या पेटीत टाकायचा, हे त्यांनी वडिलांकडून ऐकलेले होते. त्यांनी स्वतः पहिले मत १९६२ मध्ये दिले, कारण तेव्हा मतदानाचे वय एकवीस होते. ते अठरावर आले एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने, १९८९ मध्ये. “म्हणजे तुमच्या काळात मला अजून तीन वर्षं थांबावं लागलं असतं, आजोबा,” असे मुलगी म्हणाली, तेव्हा आबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिचे नाव पुरवणी यादीत दिसले. माझे आणि यजमानांचे नव्या पत्त्याचे ओळखपत्र मार्चमध्येच स्पीड पोस्टाने आले होते. तिचे छापील ओळखपत्र मात्र मतदानापर्यंत आले नाही. त्याची चिंता करण्याचे कारण नव्हते, कारण नाव यादीत असेल तर आधार, पॅन, पारपत्र, वाहन परवाना, फोटो असलेले बँक किंवा टपाल खात्याचे पासबुक अशा बारा पर्यायांपैकी कोणतेही एक मूळ ओळखपत्र चालते. शिवाय नव्या मतदाराला डिजिटल ओळखपत्र संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. घरोघरी वाटली जाणारी मतदार चिठ्ठी ही केवळ माहितीसाठी असते, ती ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही.

आबांच्या गुडघ्यांचा त्रास वाढला होता आणि मे महिन्यातील ऊन त्यांना सोसणारे नव्हते. पंचाऐंशी वर्षांवरील मतदारांना आणि चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना घरून टपाली मतपत्रिकेने मतदान करता येते. आधी ही वयोमर्यादा ऐंशी होती. २०२४ च्या निवडणुकीपूर्वी ती पंचाऐंशी करण्यात आली. यासाठी नमुना १२ डी भरावा लागतो आणि तो अधिसूचनेनंतर पाच दिवसांच्या आत द्यावा लागतो. आमच्याकडे अधिसूचना १२ एप्रिलला निघाली, म्हणून १७ एप्रिलपर्यंतच मुदत होती. बीएलओ ताई स्वतः नमुना घेऊन आल्या आणि भरलेला परत घेऊन गेल्या. एकदा हा पर्याय निवडला की त्या निवडणुकीत केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हे त्यांनी आबांना दोनदा समजावले आणि मगच सही घेतली.

मतदानाच्या काही दिवस आधी पूर्वसूचना देऊन पथक घरी आले. त्यात मतदान अधिकारी, चित्रीकरण करणारा एक तरुण आणि पोलीस होते. पुठ्ठ्याचा आडोसा त्यांनी जेवणाच्या टेबलावर उभा केला आणि आम्हा सर्वांना मागच्या खोलीत जायला सांगितले. चित्रीकरण सर्व प्रक्रियेचे होते, मत नोंदवतानाचे नव्हते. मतपत्रिकेवर खूण केल्यावर ती आतल्या पाकिटात, मग घोषणापत्रासह ते बाहेरच्या मोठ्या पाकिटात, आणि प्रत्येक पायरीला आबांना विचारून पुढचे काम, असे अर्धा-पाऊण तास चालले. जाताना त्या अधिकाऱ्यांनी आबांना नमस्कार केला. एका माणसाच्या एका मतासाठी एवढी माणसे उन्हातून येतात, हे पाहिल्यावर आपल्या देशातील या यंत्रणेबद्दल माझ्या मनात जो आदर निर्माण झाला, तो अजून टिकून आहे.

७ मे रोजी सकाळी सातला आम्ही तिघे जिल्हा परिषदेच्या शाळेत रांगेत उभे होतो. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून तो घरीच ठेवला होता. यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक कागदावर लिहून नेल्यामुळे कोणत्या खोलीत जायचे हे लगेच समजले. पहिले अधिकारी यादीत नाव शोधून मोठ्याने वाचतात, जेणेकरून उमेदवारांच्या प्रतिनिधींना ते ऐकू यावे आणि शंका असल्यास हरकत घेता यावी. दुसरे नोंदवहीत सही घेऊन डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतात आणि चिठ्ठी देतात. तिसरे ती चिठ्ठी घेऊन यंत्र सुरू करतात. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची छापील चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्राच्या काचेआड आपण निवडलेल्या उमेदवाराची चिठ्ठी सात सेकंद दिसते, तेवढा वेळ थांबून ती पाहावी. शेवटचे बटण ‘यांपैकी कोणीही नाही’ या पर्यायाचे असते, जो २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आला. मुलगी बाहेर आली तेव्हा काहीच बोलली नाही, फक्त आमच्या दोघांच्या मध्ये येऊन चालू लागली.

त्याच रांगेत आमच्या गल्लीतील एक गृहस्थ होते. त्यांच्या हातात ओळखपत्र होते, पण यादीत नाव नव्हते. त्यांनी पुन्हा पुन्हा ओळखपत्र दाखवले, अधिकाऱ्यांनीही यादी दोनदा पाहिली, आणि शेवटी ते मतदान न करता परतले. त्यांचा चेहरा पाहून मला अतिशय वाईट वाटले. राज्यघटनेच्या कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढ नागरिकाला मतदार होण्याचा हक्क दिला आहे, परंतु १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे प्रत्यक्ष मत देता येते ते त्या मतदारसंघाच्या यादीत नाव असेल तरच. मतदार ओळखपत्र ही केवळ ओळख आहे. वास्तविक एखाद्याने राहते ठिकाण सोडले म्हणून नाव वगळायचे असेल, तर त्याला आधी म्हणणे मांडण्याची संधी देणे कायद्याने बंधनकारक आहे. परंतु जुन्या पत्त्यावर गेलेली नोटीस नव्या घरी कशी पोहोचणार? त्या संध्याकाळी मुलीने त्यांच्या ओळखपत्राचा क्रमांक घालून शोध घेतला. नाव राज्यात कोठेच सापडले नाही, म्हणून पुढच्या महिन्यात त्यांचा नमुना ६ भरून दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये विधानसभेपूर्वीची यादी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांचे नाव त्यात होते.

२० नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीविषयी फारसे सांगण्यासारखे नाही, कारण सर्व काही सुरळीत झाले. थंडी असल्यामुळे आबांनी या वेळी १२ डी भरला नाही आणि केंद्रावरील चाकाच्या खुर्चीतून जाऊन यंत्रावर मत दिले. गल्लीतील ते गृहस्थ आमच्या पुढेच होते.

स्थानिक निवडणुकांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे, तर ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि महापालिका राज्य निवडणूक आयोगाकडे असतात. परंतु यादी वेगळी बनत नाही. विधानसभेचीच यादी प्रभागांनुसार विभागली जाते, त्यामुळे नाव एकदा योग्य ठिकाणी आणले की ते या सर्वांना लागू होते. शहरात राहिलो असतो तर आम्हाला बराच काळ थांबावे लागले असते. कोल्हापूर महापालिकेची निवडणूक १ नोव्हेंबर २०१५ ला झाली, त्यानंतरची थेट जानेवारी २०२६ मध्ये, आणि २०२० पासून तोवर तिथे प्रशासकच कारभार पाहत होते. जिल्हा परिषदेच्या निवडणुकाही २०२२ पासून काही वर्षे रखडल्या होत्या. प्रतिनिधी निवडण्याचा हक्क वर्षानुवर्षे असा लांबणीवर पडणे योग्य नाही, असे मला मनापासून वाटते.

गावाकडे मात्र एक जागा आहे जिथे निवडणुकीची वाट पाहावी लागत नाही, ती म्हणजे ग्रामसभा. गावाच्या मतदार यादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण घटनेनुसार ग्रामसभेचा सदस्य असतो, आणि महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. नगरसेवकाच्या दारात जाऊन विनंती करण्याची सवय असलेल्या आम्हाला हे नवीन होते. २६ जानेवारी २०२५ च्या सभेला आम्ही गेलो, हजेरीच्या वहीत सह्या केल्या आणि आमच्या गल्लीत पाणी दिवसाआड व अवेळी येते त्याबद्दल यजमानांनी प्रश्न विचारला. ग्रामसेवकांनी तो इतिवृत्तात लिहून घेतला. पुढची सभा १ मे रोजी असणार होती, आणि पुढच्या सभेत मागील इतिवृत्त वाचून दाखवले जाते, म्हणून मुलीने आमच्या प्रश्नाचा ठराव क्रमांक लगेच वहीत उतरवून ठेवला.